दोरी नसलेलं अंगण

ओजाराच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी नव्हती. गावात बाकी सगळ्यांच्या घरी होती. त्याची बायको लान्येरो मात्र ओले कपडे झुडपांवर पसरायची. तुझं धुणं बघितलं की वाटतं घरची माणसं अंगावरचे कपडे टाकून पळालीत, असं शेजारणी म्हणत. ती हसून सोडून द्यायची. खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी सोमालियातून, सैन्यातली नेमबाजाची नोकरी संपवून नवरा घरी आला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने अंगणातली दोरी सोडली, नीट गुंडाळली आणि तिच्या हातात दिली.

तसा माणूस कामाचा. तीळ उफणायच्या दिवसांत वारा कधी सुटेल हे बायका त्यालाच विचारत. तो हातातलं काम न थांबवता म्हणायचा, सावली कणगीला टेकू द्या. सावली टेकायची आणि वारा सुटायचा. मात्र उघड्यावर तो कुणाकडे पाठ करून बसत नसे. पालथा तर कधीच झोपत नसे. भिंतीला टेकून, अर्धा बसल्यासारखा, रात्र काढायचा.

जानेवारीतल्या त्या सकाळी त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने, आचिरोने, आंब्यापासून स्वयंपाकाच्या झोपडीपर्यंत दोरी बांधून शाळेचा गणवेश वाळत घातला. ओजारा बाहेर आला तेव्हा गणवेश फडफडत होता. त्याने कोयत्याने दोरी तोडली. गणवेश धुळीत पडला.

लान्येरोचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"आचिरोचे बाबा, या दोरीने तुमचं काय बिघडवलंय ते एकदा सांगा तरी."

तो तुटलेली दोरी गुंडाळू लागला. तिने विळा उचलला, रडणाऱ्या मुलीचा हात धरला आणि छपरासाठी गवत कापायला निघून गेली. कुठल्या बाजूला, ते सांगितलं नाही.

त्याच दिवशी गावाची, वर्षातून एकदाच होणारी शिकार होती. वाळलेल्या गवताला आग लावायची आणि जाळापुढे पळणारी हरणं, घुशी जाळ्यांत धरायच्या. त्या रानाचा मान म्हाताऱ्या ओबिताचा. त्याने पेटवल्याशिवाय काडी पेटत नसे. कातळाच्या पायथ्याशी सोळा माणसं भाले आणि जाळी घेऊन जमली, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, आज कुणी घरात भांडून आलंय का? भांडून आलेला माणूस ते भांडण जाळापर्यंत घेऊन येतो आणि भाला सोबत्याच्या अंगात जातो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. असा माणूस निमूट मागे फिरे आणि त्याला कुणी हसत नसे. पण कुणी भांडण लपवून आलाय असं नंतर कळलं, तर त्या वर्षी जाळच पेटवायचा नाही, असा रिवाज होता.

ओजारा गप्प उभा राहिला. रिकाम्या घरात त्या तुटलेल्या दोरीसोबत बसणं त्याला नको होतं.

तो भाला घेत नसे, सगळ्यांचं पाणी वाहायचा. गेल्या वर्षी याच जागी, गवतात माणूस दडलाय असं ओरडून त्याने सगळ्यांना आडवं पाडलं होतं. पाहिलं तर ते वारूळ निघालं. तरी ओबिता म्हणाला, "तुझी नजर चांगली आहे रे. वर चढ, नदीकडे कुणाची गुरं असली तर सांग."

वारा जाळ नदीकडे नेणार होता. तो फिरला तर जाळ उत्तरेच्या खोलगटात शिरला असता, पण तिथे कुणी नव्हतं. बायकांनी गवत कापायला नाल्याकडेच जावं, असं ओबिताने परवाच बजावलं होतं.

कातळाच्या माथ्यावर रानअंजिराच्या फांद्या इतक्या खाली आल्या होत्या, की उभ्याने काहीच दिसेना. ओजारा गुडघ्यांवर बसला. तरी दिसेना. मग तो पालथा झाला.

शरीर काही विसरलं नव्हतं. कोपरं आपोआप दगडावर बसली, पाय फाकले, श्वास लांबला. नदीकडे गुरं नव्हती. त्याने मान उत्तरेला वळवली.

खोलगटात एका फांदीवर पिवळं कापड टांगलेलं होतं. लान्येरोचं. खाली वाकलेल्या दोन आकृती, एक मोठी, एक लहान. कापडाचं टोक खोलगटाच्या आतल्या बाजूला उडत होतं आणि तापलेल्या हवेची थरथरही तिकडेच झुकली होती. तिथे वारा फिरला होता; इथे यायला थोडा वेळ होता. सहाशे वीस मीटर, असं त्याच्या मनात आलं, त्याने मोजायच्या आधीच. उजव्या हाताचं बोट दगडावर वाकलं.

तो धडपडत मागे सरकला. इथून हाक पोचणार नव्हती. तो खाली धावला.

ओबिताच्या हातातला पलिता पेटला होता.

"आजोबा, थांबा. खोलगटात लान्येरो आहे. आचिरो आहे. वारा फिरतोय."

ओबिताने गालावर वारा अजमावला. तो अजून नदीकडेच जात होता. बायका नाल्यावर आहेत, म्हातारा म्हणाला, मी स्वतः सांगितलंय.

"या वेळचं वारूळ लुगडं नेसून आलंय वाटतं," तरुण ओपिरो म्हणाला, आणि दोघेतिघे हसले.

ओबिता गवताकडे वाकला. ओजाराला दिसलं, की आता पाहिलेलं सांगून उपयोग नाही. त्याच्या डोळ्यांवर इथे कुणाचा विश्वास उरला नव्हता. तो मोठ्याने म्हणाला,

"मी आज घरात भांडून आलोय."

पलिता थांबला.

"मघाशी विचारलं तेव्हा?"

"गप्प बसलो."

त्यावर वाद घालता येत नव्हता. ओबिताने पलिता उलटा करून वाळूत खुपसला आणि तो विझेपर्यंत दाबून धरला. माणसं पुटपुटली, कुणी थुंकलं. वर्षाची शिकार गेली होती. सगळे जाळी गुंडाळत असतानाच उतारावरचं सगळं गवत एकदम वळलं आणि खोलगटाकडे झोपलं. धूळ त्यांच्या पायांवरून त्याच दिशेने गेली.

ओपिरोने ओजाराचा पाण्याचा कॅन उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

ओजारा खोलगटात गेला तो दुरूनच दिसेल असा, मोकळ्यावरून. लान्येरो भारा बांधत होती. तो तिच्यापासून थोडा लांब बसला आणि सांगू लागला. मोगादिशूतलं छप्पर, तिथे पालथं काढलेले चार दिवस. समोरच्या गच्चीवर एक बाई रोज पिवळी चादर वाळत घालायची. त्या चादरीवरून तो वारा मोजायचा. चौथ्या दिवशी चादरीआडून जो पुरुष बाहेर आला, त्याच्याचसाठी त्याला तिथे ठेवलं होतं. नंतर त्या बाईने दोरीवरची तीच चादर काढून त्या माणसावर पांघरली.

लान्येरोचे हात थांबले होते.

"आज तुलाही मी तसंच पाहिलं," तो म्हणाला. "सहाशे वीस मीटर. बोट वाकलं माझं."

ती उठली. फांदीवरचं कापड तिने काढलं, हातात धरून बराच वेळ उभी राहिली. आचिरो दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"एवढं दिसलं तुम्हाला," शेवटी लान्येरो म्हणाली, "मग पोरीच्या भाऱ्याची गाठ सुटतेय ते दिसलं का?"

"दिसलं. डावीकडची."

"मग बांधून द्या तिला."

त्याने गाठ बांधली, घट्ट. लान्येरोने कापडाची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि त्यावर भारा घेतला. पायवाट अरुंद होती. एकामागे एकच चालता येत होतं. ओजारा पुढे झाला, आणि घर येईपर्यंत उघड्या माळावरून त्या दोघींकडे पाठ करून चालत राहिला. मान ताठ होती, खांदे वर चढले होते, पण तो एकदाही मागे वळला नाही.