खाडीची रुंदी आणि जयवंतीताई

जर्मनीत गणित शिकून मी पनवेलला परत आले, तेव्हा मित्रमंडळींनी विचारलं, “आता पुढे काय?” मी म्हणाले, “बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांना भूमिती शिकवणार.” सगळे हसले. आता तेच चहाला जमले की म्हणतात, “तुझ्या वर्गातला एखादा किस्सा सांग ना!” एखादा? दर रविवारी दोन तरी साठतात!

*

वर्गात सगळ्यात जिद्दी जयवंतीताई. खाडीकाठच्या गावातली, सकाळी मासळी विकून वर्गाला येणारी. गावात अंगणवाडी सेविकेची जागा रिकामी होती, त्यासाठी दहावी पास हवी होती आणि ही गणितात दोनदा नापास! सासूबाईंनी बजावलं होतं, “या खेपेला नाय झालीस, तर पुस्तकं बंद!”

पहिल्याच दिवशी मी जोशात सांगितलं, “जिथे जाता येत नाही, तिथलं अंतरसुद्धा त्रिकोण सांगतो! समजा, समोर खाडी आहे. पलीकडे जाता येत नाही...”

“का नाय, मॅडम? माजी होडी हाय ना!”

*

वर्गातल्याच हमीदाआपा नवीन पनवेलमध्ये शिलाईकाम करायच्या. करंजाडेच्या, कुंपणाला लागूनच असलेल्या पाण्याच्या टाकीची उंची काढायची म्हणून त्यांनी दुकानातला आरसा कुंपणाबाहेर जमिनीवर ठेवला आणि टाकीचं टोक आरशात दिसेपर्यंत मागे मागे सरकू लागल्या.

वॉचमन ओरडला, “अंदर आना मना है!”

“इसीलिए तो बाहर से नाप रही हूँ, भाईजान!”

टाकीवर उंची लिहिलेली होती. आपांचं उत्तर जेमतेम हातभर चुकलं. त्या दिवशी मी वर्गाला वडापाव दिला.

*

मग एका रविवारी आम्ही खरंच खाडीवर गेलो. पलीकडच्या काठावर एक झाड हेरलं. त्याच्या बरोबर समोर एक काठी रोवली. काठाकाठाने तीस पावलं चालून दुसरी रोवली, आणखी पंधरा पावलं चालून पाण्याकडे पाठ केली. दुसरी काठी आणि झाड एका रेषेत दिसेपर्यंत सरळ चालत गेलो. पस्तीस पावलं! तीस म्हणजे पंधराची दुप्पट, तशी खाडीही पस्तिसाच्या दुप्पट, सत्तर पावलं. दोन त्रिकोण, एक लहान, एक मोठा, आणि होडीला हातही न लावता उत्तर!

मी अभिमानाने वहीत लिहिलं: खाडीची रुंदी सत्तर पावलं.

जयवंतीताईने वहीत डोकावून विचारलं, “भरतीची का ओहोटीची?”

इतकी वर्षं शिकले, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

जयवंतीताई पास झाली! पेढ्यांऐवजी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली. सोबत सासूबाई, नवी नऊवारी नेसून.

मी विचारलं, “नदीच्या रुंदीचं गणित आलं होतं ना? सुटलं?”

“सुटलं की! पण मॅडम, पेपर काडणाऱ्याने अर्धीच माहिती दिलेली. मंग मीच उत्तराच्या खाली लिवलं.”

“काय लिहिलंस?”

“ओहोटी धरली हाय.”