सदाने पुसलेल्या खुणा

बातमी नातवाने दिली. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "नाना, इज धिस युवर फ्रेंड?" फोटो सदाचा होता, खाली ‘ज्येष्ठ माहितीपटकार सदाशिव मयेकर यांचे निधन’. मी त्याला म्हणालो, चुकून छापलंय, गुरुवारीच तर बोललो आम्ही. गुरुवारी सदा फोनवर हसत होता. "इब्रा, डिसेंबरात येतो. आपलं ते झाड शोधू, एवढं एक शूटिंग राहिलंय." मीही मनाशी ठरवलं होतं, झाडापाशी उभे राहिलो की सांगून टाकायचं. आणि शनिवारी सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला तो खुर्चीवर बसला, तो उठलाच नाही. पाच आठवडे झाले. अजून फोन वाजला की हात घाईने जातो...

रत्नागिरीला शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी दुबईला देऱ्यात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर लागलो आणि सदा मुंबईत कॅमेरा उचलायला. साठच्या दशकातली गोष्ट. यूएई हे नाव तेव्हा नव्हतं, खाडी ओलांडायची तर अब्रा नावाची होडी, वस्ती संपली की नुसती वाळू. सदा रजा काढून, मागून आणलेला कॅमेरा गळ्यात घालून बोटीने आला. आधी त्याने कोळ्यांचं चित्रण केलं. त्या कोळ्यांतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की जबल अलीच्या बाजूला अजून हरणं आहेत. शेठची जीप मागून मी त्याला तिकडे नेऊ लागलो. आज जिथे बंदर आणि गोदामं आहेत तिथे तेव्हा मिठाची भुसभुशीत जमीन होती. गाडी रुतायची. चालण्याजोगा टणक पट्टा एकच, आणि त्याच्या टोकाला एक घाफचं झाड, दिसायला आपल्या शमीसारखं. त्या झाडाखाली सात हरणं यायची. त्यांत एक मादी, आठवड्याचं पाडस घेऊन. सदा दिवसभर पालथा पडून असायचा. दहाव्या दिवशी पाडस त्याच्यापासून वीस हातांवर येऊन बसलं. परतताना गाडीत त्याने माझा खांदा दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठकडे शिकारीचे शौकीन पाहुणे आले. कॉफी चालली होती. त्यांतला एक म्हणाला, जबल अलीकडे आता हरीण औषधालाही नाही, खलास. मी कोपऱ्यात बिलं लावत होतो. मला कोणी विचारलं नव्हतं. तरी म्हणालो, "सात आहेत. पाडससुद्धा आहे." सगळे हसले. "कहाँ, हबीबी? ख्वाब में?" कारकुनाला हसले, एवढंच. मी उठून त्यांना पट्टा सांगितला, झाड सांगितलं, हरणांची वेळसुद्धा सांगितली. मग कोणी हसलं नाही. एकाने मला आपल्या हाताने कॉफी ओतून दिली आणि मी ती प्यालो.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही गेलो. झाडाखाली वाळू उकरलेली होती, काळे पडलेले डाग होते, काडतुसांची टरफलं होती. सदा बराच वेळ नुसता फिरत राहिला. मग पट्ट्यावर वाकला. दोन गाड्यांच्या चाकांच्या खुणा आमच्या जीपच्या खुणांवरून गेल्या होत्या. जाणारच, वाट एकच होती. पण त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "इब्रा, आपणच रे त्यांना वाट दाखवली. आपल्या चाकांनी."

मी म्हणालो, "चल, ऊन वाढतंय."

परतताना कोळ्यांच्या झोपड्यांपाशी त्याने खजुरीच्या चार झावळ्या मागून घेतल्या आणि त्यांचा झाडू बांधला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या फिल्मचा शेवट वाळूतल्या खुणांवर होतो आणि सदाचा आवाज म्हणतो, वाट आम्हीच दाखवली. त्या फिल्मने त्याचं नाव झालं. नंतर मिठागरांतले कामगार, कोकणातली कासवं, डोंगरातले मेंढपाळ... जिथे गेला तिथून निघताना सगळ्यांना पुढे पाठवून तो उलट्या पावलांनी, वाकून, आपल्या खुणा झाडत यायचा. विद्यार्थी त्याला ‘मयेकर सरांचा नियम’ म्हणतात. मृत्यूनंतरच्या प्रत्येक लेखात तो झाडू आहे, आणि प्रत्येक लेखात सदाने स्वतःवर घेतलेली ती चूक आहे. ती चूक त्याची नव्हती. हरणांचा पत्ता मी दिला होता.

सांगायला साठ वर्षं होती. पुढे मी अबुधाबीला स्थायिक झालो, तिथेही तो दोनदा माझ्याकडे राहून गेला. एकदा माझ्या सुनेने विचारलं, "काका, तुम्ही अजून झाडता?" तो म्हणाला, "अगं, तुझ्या सासऱ्याला विचार, तो होता तिथे." मी सगळ्यांना चहा ओतला.

गेल्या आठवड्यात पुण्याला सदाच्या घरी गेलो. त्याची बायको, नलिनीवहिनी, म्हणाल्या, "शोकसभेत झाडूचं तुम्हीच बोला. तुमच्याशिवाय ते पाहिलेलं आता कोणी नाही." तेव्हा मी त्यांना सांगितलं. कॉफीसुद्धा सांगितली.

"वाकून वाकून कंबर गेली त्यांची," त्या म्हणाल्या. "डॉक्टर नको म्हणायचे. मी भांडायचे. तर म्हणायचे, नलू, एकदा नाही झाडलं, तर सात जीव गेले."

मी म्हणालो, "वहिनी, माफ..."

"मला कशाला सांगता? आणि सभेत तर बोलूच नका. लोक गहिवरतील, टाळ्यासुद्धा वाजवतील. लिहा. छापून आलं की मला पाठवा."

म्हणून हे लिहिलं.

झाडू त्यांच्या दाराआड उभा आहे. झावळ्या कितीदा बदलल्या असतील, मूठ तीच, सुंभाने गुंडाळलेली. मी तो मागितला, वहिनी नाही म्हणाल्या. शेजारी इमारतीचं काम चाललंय, त्यामुळे व्हरांड्यात सिमेंटची बारीक धूळ बसलेली असते. सदा असताना पाहुणा गेला की तो लगेच झाडून काढायचा, आम्ही त्याला हसायचो. बूट घालून मी फाटकापर्यंत आलो आणि मागे वळून पाहिलं. धुळीत माझ्या बुटांचे ठसे उठले होते, दारापासून पायरीपर्यंत. वहिनी दारात उभ्या होत्या, हाताशी झाडू होता. त्यांनी तो उचलला नाही.