खडू सगळ्यांचो

नानांच्या खिशात डस्टर असायचं, पण दुसऱ्याचं मत पुसायला त्यांनी ते कधी बाहेर काढलं नाही. भांडुपच्या आमच्या चाळीच्या तोंडाशी त्यांचा वार्ताफलक होता. गिरणी बंद पडल्यापासून नाना रोज सकाळी त्यावर बातम्या लिहीत, खाली स्वतःचं मत ठोकून देत आणि निम्मा फळा मोकळा सोडत. बाजूला सुतळीला खडू बांधलेला असे. "फळो माझो, खडू सगळ्यांचो," म्हणायचे.

नाना एका पक्षाचे कट्टर. बारावीत असताना मी त्यांच्याच उमेदवाराविरुद्ध चार ओळी खरडल्या. पक्षाची पोरं पुसायला धावली, तर हा किडकिडीत माणूस फळ्याला पाठ लावून उभा! "पुसूचा नाय. चुकीचा वाटता तर खाली लिवा." संध्याकाळी मला चहा पाजला आणि त्याच फळ्यापुढे माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. लोकशाही मला नागरिकशास्त्राने नाही, नानांनी शिकवली.

पुढे चाळीच्या जागी टॉवर आला, फळा गेला आणि मुलाने नानांच्या हाती मोबाइल दिला. त्यांनी रहिवाशांचा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'वार्ताफलक'. मी खूश झालो. बावळटच मी.

मागच्या निवडणुकीत त्यांनी दगडफेकीचा एक व्हिडिओ टाकला आणि आळ घेतला शेजारच्या वस्तीवर. लोक तापले. मी खाली लिहिलं, "नाना, हा व्हिडिओ जुना आहे, आपल्याकडचा नाही." मिनिटाभरात माझा मेसेज गायब आणि ग्रुपमधून मीही. पुढचं बायकोच्या फोनवर वाचलं: "असे घरभेदी ओळखून ठेवा." खाली माझा फोटो.

तडक त्यांच्या घरी गेलो. "नाना, फळ्यावर लिहिलं तेव्हा चहा पाजलात ना?"

"तो फळो होतो रे," टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले. "हय सगळी आपली माणसा आसत. त्यांच्यासमोर माका खोटो पाडलंस."

"मग मी कोणाचा?"

नानांनी टीव्हीचा आवाज वाढवला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तरी तिथेच बसून रडावंसं वाटत होतं.

आता मी लिफ्टमध्ये शिरलो की आतलं बोलणं थांबतं. त्याची सवय होईल. पण तो फोटो फळ्यापुढचाच आहे. नानांनी त्यातून स्वतःला कापून काढलंय. घाईत तेवढा हात राहिला. माझ्या खांद्यावर त्यांची चार बोटं अजून आहेत, खडूने पांढरी झालेली.