रत्नम्माचा आधीचा फोटो

सोलापुरात ‘नोकरी लावून देतो’ म्हणणारा माणूस दिसला की लोक आधी खिसा चाचपतात. चिंतामणी पानगावकर सर दिसले की पायातली चप्पल बघतात. मुलाखतीला निघालेल्या बाईच्या चपलेचा अंगठा तुटलेला दिसला, तर सर तिला भर रस्त्यात थांबवतात, पिशवीतून सेफ्टी पिन काढतात आणि खाली बसून अंगठा टाचून देतात. बाई संकोचून म्हणते, “सर, राहू द्या की.” सर म्हणतात, “लाजायचं ते इथंच लाजून घ्या. आत साहेबासमोर तेवढा वेळ मिळत नाही.”

पूर्वी बार्शीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा त्यांच्यामागोमाग सरही जायचे, पण ‘कामवाट’ संस्थेच्या प्रभाताईंनी त्यांना सोलापुरात आणून रोजगार समन्वयक केलं. हे पद सरांच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, “लोकांना कामाला लावतात. घरात सोडून.”

काम म्हणजे काय, तर विड्या वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, घरात बसून राहिलेल्या बायकांना शिकवायचं, कारखान्यांची दारं वाजवायची आणि कुणी मुलाखतीला बोलावलं की सोबत जायचं. खुर्चीत कडेला टेकायचं नाही, पूर्ण बसायचं, हा सरांच्या शिकवणीतला पहिला धडा. बाई आत गेली की सर फाटकाबाहेर शेंगा खात येरझाऱ्या घालतात. एकदा एका वॉचमनने त्यांची दशा बघून “काका, या वयात मिळंल का नोकरी?” असं हळहळून विचारलं होतं आणि त्यांच्यासाठी चहा मागवला होता.

सरांची एकच गोष्ट प्रभाताईंना खटकायची. नाव नोंदवायला आलेल्या माणसाचा त्याच दिवशी फोटो काढायचा, असा संस्थेचा नियम. पुढे त्याला नोकरी लागली की दुसरा काढायचा. आधी आणि नंतर. पैसे देणाऱ्या कंपन्यांना हे दोन फोटो शेजारीशेजारी बघायला फार आवडतं. पण मान खाली घालून, पदर सावरत कुणी दारात उभं राहिलं की सरांचा हात मोबाइलकडे जायचाच नाही. ते म्हणायचे, “बसा, आधी चहा घ्या.” चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, बाई हसून घरी जायची आणि फोटो राहून जायचा. प्रभाताई विचारायच्या तेव्हा सर सांगायचे, “विसरलो.” एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हे विसरण्याचं होतं, असं आता वाटतं.

रत्नम्मा अशीच चहा पिऊन गेलेली. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारख्याच वेगाने बोलणारी. नवरा बसवेश मूळचा मंद्रूपचा, रिक्षा चालवणारा. तिला टॉवेलच्या कारखान्यात काम मिळालं आणि बघता बघता ती चेकिंगची प्रमुख झाली. तिची नजर पडल्यावर सुटलेला धागा टॉवेलात राहत नाही, आणि हाताखालच्या बायकांची बडबडही राहत नाही. बसवेश सकाळी तिला सोडायला एमआयडीसीत जायचाच; तेव्हा संस्थेच्या नव्या बायकांनाही रिक्षात कोंबून न्यायचा. भाडं विचारलं की म्हणायचा, “रस्ता एकच हाय की सर. रिक्षाला काय कळतंय किती जणी बसल्यात?”

यंदा संस्थेचा वार्षिक मेळावा ठरला. पुण्याहून कंपनीचे साहेब येणार होते आणि त्यांच्यावर पुढच्या वर्षीचा खर्च अवलंबून होता. प्रभाताईंनी रत्नम्माची गोष्ट निवडली. नंतरचा फोटो झकास होता, टॉवेलांच्या थप्प्यांपुढे हात बांधून उभी. आधीचा नव्हता.

“काहीतरी करा, पानगावकर,” प्रभाताई म्हणाल्या. “या वेळी विसरलो म्हणू नका.”

तर सरांनी काहीतरी केलं. सुट्टीच्या दिवशी रत्नम्माला बोलावून घेतलं. ती आली ती इरकल नेसून, गजरा माळून. सरांनी घसा साफ करून सांगितलं की आपल्याला आधीचा फोटो आत्ता काढायचा आहे, तेव्हा साडी जरा जुनी हवी.

“जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या की सर,” रत्नम्मा म्हणाली. “गोधडी नेसू का?”

शेवटी कार्यालय झाडणाऱ्या कस्तुराबाईंकडे सरांची नजर गेली. कस्तुराबाईंनी खुंटीवरची दुसरी साडी काढून दिली, पण देताना म्हणाल्या, “म्हंजे माजं लुगडं गरिबाचं व्हय? मी रोज हेच नेसून तुमच्यासमोर झाडते की. माजा नाय काडला कधी फोटू.” सर हसले. हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नव्हती, हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणसाच्या हातात कॅमेरा आला की त्याचे कान बंद होतात.

मागच्या बंद गिरणीच्या पडक्या भिंतीशी त्यांनी तिला बसवलं. गजरा काढला. मंगळसूत्र पदराआड सारायला सांगितलं. “जरा दुःखी दिसा,” म्हणाले. रत्नम्माला हसू आवरेना. ती तोंड पाडायची आणि पुन्हा फिस्सकन हसायची. “सर, पगार झालाय कालच. दुःख कुटनं आणू?”

“ते दिवस आठवा,” सर म्हणाले.

तिचं हसू ओसरलं. फोटो छान येत होता, पण कपाळावरचं मोठं कुंकू चित्रात फार ठसठशीत दिसत होतं. एवढ्या ओढग्रस्तीत एवढं कुंकू शोभत नव्हतं. म्हणजे सरांना तसं वाटलं. “तेवढं जरा पुसता का? दोन मिनिटं.”

रत्नम्माने सरांकडे पाहिलं. मग पदराने कपाळ पुसलं. फोटो निघाला.

जाताना ती म्हणाली, “सर, हा फोटो आमच्या माणसाला दिसायचा न्हाय. गल्लीतबी न्हाय.”

“छे हो. हा पुण्याला जाणार. साहेबांच्या फायलीत पडून राहणार.”

“बघा बरं. तुमच्याकडं बघून पुसलंय.”

मेळाव्याचा फ्लेक्स अद्वैतने केला. अद्वैत संस्थेतला तरुण कार्यकर्ता, त्याच्या संगणकावर सगळे फोटो असतात. छापायच्या आधी त्याने सरांना दाखवला. सरांनी पाहुण्यांच्या नावामागे ‘माननीय’ आहे का ते पाहिलं, प्रभाताईंचं नाव ताईंच्या मनासारख्या आकारात आहे का ते पाहिलं. आणि फोटो? फोटोही पाहिला. पाहिला नाही असं सांगायची सोय त्यांनी स्वतःला पुढे अनेकदा करून पाहिली, पण ती टिकली नाही. त्यांनी फोटो पाहिला आणि “चांगला आलाय की रे” असं म्हटलं. आयुष्यात त्यांनी काढलेला तो पहिला चांगला फोटो होता. दिलेला शब्द त्या क्षणी त्यांना आठवला नाही. आठवला तो मेळाव्याच्या सकाळी, मंगल कार्यालयाच्या व्यासपीठामागे तो फ्लेक्स भिंतभर ताणून बांधलेला दिसला तेव्हा.

डावीकडे पडक्या भिंतीशी बसलेली, बोडक्या कपाळाची रत्नम्मा. खाली ठळक अक्षरात ‘आधी : निराधार’. उजवीकडे टॉवेलवाली. ‘आता : स्वावलंबी’. मजकूर सरांचाच होता.

“अद्वैत, हा काढता येईल का?”

“सर, पाहुणे गाडीतून उतरतायत.”

सरांनी मग फ्लेक्ससमोर समई सरकवली. समईने काय झाकणार? कुंड्या आणून ठेवल्या. त्याने रत्नम्माचे पाय तेवढे झाकले. शेवटी सर स्वतःच फोटोच्या पुढे जाऊन उभे राहिले. सर अंगाने किरकोळ, रत्नम्मा फ्लेक्सवर पुरुषभर उंच. त्यांच्या डोक्यावर ते कपाळ तसंच उघडं राहिलं.

बसवेश आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे. बायकोचा सत्कार बघायला रिक्षा स्टँडवरचे दोन मित्रही घेऊन आला होता. त्यातला गुरुशांत फ्लेक्सकडे बघत राहिला, मग बसवेशच्या दंडाला चिमटा काढून म्हणाला, “काय रे बसव्या, हैस न्हवं तू? का आमी कुणासंगं चा पिलो सकाळी?”

मागच्या रांगेतले चारदोन जण हसले. टॉवेल कारखान्यातल्या बायका हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघू लागल्या, आणि ते सरांना जास्त लागलं. बसवेशने गुरुशांतचा हात बाजूला केला. थोडा वेळ बसला, मग उठून बाहेर गेला.

रत्नम्माला बोलायला बोलावलं. भाषण सरांनीच लिहून पाठ करून घेतलं होतं, ‘मी पूर्वी खचून गेले होते’ इथून सुरू होणारं. तिने वळून फ्लेक्सकडे पाहिलं, मग खाली रिकाम्या खुर्चीकडे.

“आमचे मालक हितं आलेत,” ती म्हणाली. “आत्ता जरा भायेर गेलेत. मी कामाला लागले तवा पोरं त्यांनी सांभाळली. भाकऱ्या त्यांनी बडवल्या. एवढ्या जाड, की पोरं म्हणायची, अप्पा, हे खायचं का ह्याच्यावर बसायचं?” लोक हसले. ती थांबली. “ह्या फोटोबद्दल मी काय बोलत न्हाय. सरांनी मला पहिल्या दिवशी चहा पाजलाय.”

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, ती आभार मानते आहे. सरांना मात्र भर सभेत कुणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने त्यांना सांभाळून घेतलं होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

ते बाहेर गेले. बसवेश रिक्षाच्या मागच्या सीटवर, प्रवाशाच्या जागी बसला होता.

“बसवेश, माझं चुकलं.”

“चुकतंय की माणसाचं,” बसवेश म्हणाला. आवाजात राग नव्हता. “एक इचारू का सर? सकाळच्याला तुमच्या बायकांना एमआयडीसीत कोण सोडत हुतं?”

“तुम्ही.”

“रत्नीला?”

“तुम्हीच.”

“मग ते निराधार कोण हाय? वाचता येतंय मला. गरीब हुतो, ते लिवा की. आमी कुटं न्हाय म्हनलं? पण मला मारून तुमी तिला गरीब केलं.”

उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका, ‘येत नाही’ असं सरळ सांगा, हे सर प्रत्येकीला शिकवत. त्यांना तेही म्हणता आलं नाही. ते आत परतले.

आत आभारप्रदर्शन चाललं होतं. सर व्यासपीठाच्या मागे गेले आणि फ्लेक्सच्या गाठी सोडू लागले. फ्लेक्सवाल्याने गाठी अशा मारल्या होत्या की वादळ आलं तरी सुटू नयेत. कस्तुराबाई बाजूला बशा गोळा करत होत्या. त्यांनी सरांकडे थोडा वेळ पाहिलं, मग स्वयंपाकघरातली सुरी आणून त्यांच्या हातात दिली.

डावी बाजू सुटली आणि फ्लेक्स वळकटी होऊन पाहुण्यांच्या खुर्चीमागे कोसळला. पाहुणे दचकून उभे राहिले.

“पानगावकर, हे काय चाललंय?” प्रभाताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

“फोटो खोटा आहे, ताई.” आवाज दबका ठेवायचं सरांना सुचलं नाही आणि माइक जवळच होता. “मागच्या महिन्यात काढलाय. मी बसवलं त्यांना तसं. साडी कस्तुराबाईंची आहे. कुंकू मी पुसायला लावलं. यांचे यजमान बाहेर रिक्षात बसलेत.”

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला आणि प्रभाताईंना म्हणाले, “आपण नंतर बोलू.” ते ‘नंतर’ संस्थेला किती महागात पडणार, हे ताईंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सरांनी उजवी बाजूही कापली, फ्लेक्सची गुंडाळी केली आणि ती काखेत मारून बाहेर आले.

“घ्या,” ते बसवेशला म्हणाले. “जाळा, फाडा, काय वाटेल ते करा.”

बसवेशने हात पुढे केला नाही. “मी का जाळू? माझी बायको हाय त्यात. तुमच्यापाशीच ठेवा.”

रत्नम्मा मागोमाग आली होती. तिने सरांकडे नीट पाहिलं. “सर, असं तोंड करू नका. फोटो लई चांगला येईल.”

सरांना हसायचं होतं. जमलं नाही. तीही हसली नव्हती. रिक्षात बसताना ती कानडीत नवऱ्याला काहीतरी म्हणाली, त्याने मान हलवली. रिक्षा सुरू झाली. ‘चला सर, सोडतो’ असं बसवेश दर वेळी म्हणायचा. आज तो तसं म्हणाला नाही, आणि रिक्षा कोपऱ्यावरून वळली.

सर तिथेच उभे राहिले. या गावात फ्लेक्स कुणी टाकून देत नाही. तो टपरीवर चढतो, गोठ्यावर चढतो, उसाच्या गाड्याचं छप्पर होतो. कुठेही दिला तरी रत्नम्मा बोडक्या कपाळाने कुणाच्या तरी डोक्यावर वर्षभर दिसत राहणार.

मंगल कार्यालयाचा वॉचमन जवळ आला. गुंडाळी बोटाने दाबून त्याने कापड तपासलं.

“सर, कार्यक्रम झाला न्हवं? शेडवर टाकायला मला द्या की. चांगला जाड हाय.”

“नाही,” सर म्हणाले आणि गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. “हा द्यायचा नाहीये.”