ट्रेडमार्कचा कौल

कट्टा गावात मी संगणकाचे वर्ग चालवत होते तेव्हा माझ्या दिरानं भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम लिहिला. तो होडीवाल्यांना फुकट मिळावा, कोणालाही उघडून दुरुस्त करता यावा, म्हणून परदेशातल्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहात जावा, एवढाच त्याचा ध्यास होता. संग्रह सांभाळणाऱ्या गृहस्थांनी कळवलं: प्रोग्राम उत्तम, पण त्यात जागोजागी वापरलेला एक तांत्रिक शब्द अमुक कंपनीचा ट्रेडमार्क आहे. परवानगी आणा किंवा शब्द बदला, तोवर घेता येणार नाही. (तो शब्द इथे लिहीत नाही. उगाच कशाला?)

"शब्द काय त्यांच्या बापाशीचो?" दीर तडकला.

"बदलून टाक. पाच मिनिटांचं काम."

"बदलूचंय नाय. परवानगी हाडतंय!"

आणि गेला तो सरळ देवळात. आमच्याकडे विहीर कुठे खणायची हेही कौल लावून ठरतं. गुरवांनी देवाच्या पाषाणाला डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घालून विचारलं, "ह्यो शब्द ठेवचो काय, म्हाराजा?" उजवी पाकळी पडली. म्हणजे होय.

इंग्रजी माझं बरं, म्हणून मी कळवलं, "परवानगी मिळाली."

उत्तर आलं, "देणाऱ्यांना तसा हक्क आहे का?"

"गावातल्या सगळ्याच गोष्टींवर आहे."

"मग त्यांची सही पाठवा."

इथे दीर अडकला. देव सही करत नाही, आणि मिळालेला कौल मोडायची त्याची छाती नव्हती. प्रोग्राम तसाच लटकला. शेवटी मीच त्याला घेऊन देवळात गेले. गुरवांना म्हटलं, "ठेवलेला चालतो हे कळलं. आता काढलेला चालेल का, ते विचारा."

"वैनीनू, तुमी वकील होवक होया होतात," असं म्हणत त्यांनी पाकळ्या लावल्या. बराच वेळ एकही हलेना. एवढ्यात दिराला सणसणीत शिंक आली आणि उजवी पाकळी टपकली.

"शिंकेन पडली ती!" दीर कुरकुरला.

"आणि शिंक कोणी हाडल्यान?" गुरवांनी विचारलं.

घरी येऊन मी शब्द बदलला, आणि प्रोग्राम संग्रहात गेला. कळवताना परवानगी कोणाची होती तेही मी त्या गृहस्थांना सरळ लिहून टाकलं. त्यांनी विचारलं, "आमच्या संग्रहात असे आणखी बरेच शब्द अडकलेत, त्यांचाही कौल लावता येईल का?"

"नारळ घेवन स्वता येवक सांगा," दीर म्हणाला.