घुगऱ्या चार्जिंगवर, नाव गरौठ्यात

झाशीहून गरौठ्याला विजेच्या गाडीने निघणार असाल, तर आदल्या दिवशी घरातलं कोणी गाडीचा प्लग काढत नाही ना, तेवढं बघा. आमच्याकडे मीच काढला. जड विजेचा पॉइंट घरात एकच. गॅस संपलेला. तिथे विजेची शेगडी लावून मी घुगऱ्या शिजवल्या आणि गाडी परत लावायची राहिली.

घुगऱ्या नातवाच्या मुलाच्या बारशाच्या. नातू गरौठ्यात बँकेत आहे. त्याची बहीण मुक्ता गाडी चालवणार, आणि आत्या म्हणून बाळाच्या कानात नावही तीच सांगणार. ती दुपारपर्यंत पोचली नाही तर पाळणा अडणार. नाव तिने कोणाला सांगितलेलं नाही, मलासुद्धा.

सकाळी गाडी बघून मुक्ता म्हणाली, "आजी, हिला उपाशी ठेवलंस."

"पण चणे मऊ झालेत," मी म्हटलं.

तेवढ्या चार्जमध्ये गरौठा गाठणं शक्य नव्हतं. फोनमध्ये झाशीत जागोजागी हिरवे ठिपके दिसतात. त्यांच्यावर जाऊ नका, आधी फोन करा. पहिल्या ठिपक्यावर मशीन बंद, वर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. दुसऱ्यावर सांगितलं, "सिर्फ़ हमारी कंपनी की गाड़ी." तिसरा कानपूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात. मशीन चालू, पण नुकतीच एक टॅक्सी लागलेली. वर चौकीदार म्हणतो, "अम्मा जी, चार्जिंग मेहमानों के लिए है."

"तो चाय लाओ, मेहमान बैठ गए," म्हणून मी खुर्ची ओढली. चहा बरा होता, कचोरी कालची.

मुक्ता नखं खात उभी. मी डबा उघडला. आधी नाव, मग घुगऱ्या, अशी आमच्यात रीत. सासूबाई असत्या तर डबा हिसकावला असता. टॅक्सीवाल्याला आणि चौकीदाराला भरभरून दिल्या.

"किस ख़ुशी में, अम्मा?"

"परपोते का नामकरण है. नाम बुआ रखेगी, और बुआ तुम्हारी गाड़ी के पीछे खड़ी है."

टॅक्सीवाल्याने चावणं थांबवून मुक्ताकडे पाहिलं. मग उठून आपली तार काढली. "मुझे तो ओरछा ही जाना है, इतने में हो आऊँगा. नाम क्या है, बिटिया?"

"पहले बच्चे के कान में," मुक्ता म्हणाली.

"चने खिला दिए और नाम छुपा लिया," चौकीदार कुरकुरला.

पैसे अ‍ॅपवरून जातात, नोट धरून उभं राहू नका. गुरसरायकडे वळलात की एसी बंद करा, चार्ज टिकतो. खिडकीतून वाटाण्याची हिरवी शेतं फुकट.

पोचलो तेव्हा सगळे दारात. मुक्ताने बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं, कुर्रर्र केलं. त्याने तिचं नाकच धरलं. विहीणबाईंनी डब्यात डोकावलं. "घुगऱ्या अर्ध्याच?"

"बाकीच्या झाशीत वाटल्या. तुम्ही उशिरा आलात," मी म्हटलं.

नातवाच्या खिडकीतून तार सोडून गाडी भरली आणि दुसऱ्या दिवशी परत फिरलो. चार्ज पुरेसा होता, तरी मुक्ताने गाडी हॉटेलात घातली. चौकीदार ओळखून पुढे आला. तिने काच खाली केली. "ईशान."

तो आत तोंड करून ओरडला, "अरे, चने वाले बच्चे का नाम ईशान है."

घरी येऊन मी पहिल्यांदा दुसरा पॉइंट बसवून घेतला. गाडी एकीकडे, शेगडी एकीकडे. मुक्ता म्हणते, आता बाहेर चार्जिंगला जायची गरजच नाही.

मी म्हटलं, चौकीदाराला ईशानचा फोटो कोण दाखवणार? काढ गाडी.