अर्ध्या डॉलरवरची रेघ

एक्स-रेवर हाडातली केसाएवढी भेग हेरायची, हे माझं पोटापाण्याचं काम. नव्वदच्या आसपास आम्ही इंग्लंडात, वॉटफर्डला राहत होतो. तेव्हा याच डोळ्यांच्या घमेंडीत मी जुन्या अमेरिकन नाण्यांच्या नादी लागलो. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत चांदीच्या नाण्यांचे ठसे हाताने घडवत. त्यामुळे एकाच सालच्या दोन अर्ध्या डॉलरांतही एखादा तारा इकडे, एखादा आकडा तिकडे सरकलेला असतो. ठसा तडकला की नाण्यावर बारीक रेघ वर उठते. एवढ्यावरून कोणतं नाणं कोणत्या ठशाचं, ते ओळखायचं. नसते उद्योग म्हणतात ते हेच.

माझा काळवंडलेला अर्धा डॉलर दोन ठशांशी जुळत होता. त्यातला एक दुर्मिळ. एका ताऱ्यापासून नाण्यावरच्या बाईच्या टोपीपर्यंत गेलेली रेघ, ही त्याची खूण. ती मला दिसली होती. आमच्या कॉइन क्लबातल्या म्हाताऱ्या जाणकाराने मात्र भिंग लावून मान हलवली.

"That's a scratch, Doctor."

ओरखडा खोल जातो, रेघ वर येते, हे मला कळत नाही? मी सगळ्यांसमोर सांगून बसलो, पुढच्या मीटिंगला सिद्ध करतो. त्यानेही मायक्रोस्कोप आणायचं कबूल केलं.

तेवढ्यात शेजारी चोरी झाली. मी नाणं देवघरात, लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या नाण्यांत ठेवून दिलं. देवात कोण हात घालतंय! मग ऑन-कॉलच्या रामरगाड्यात घरात सांगायचं राहिलं. दिवाळी तोंडावर आलेली. बायकोने देवाची सगळी चांदी दंतमंजनाने खसाखसा घासली. अर्धा डॉलर आरशासारखा लखलखत होता आणि त्यावर एकही रेघ नव्हती.

मी इतका ओरडलो की पलीकडच्या बाईंनी भिंतीवर ठोकलं.

"अहो, देवातली नाणी मी दरवर्षी घासते. तुम्ही एक वर्ड तरी बोललात का?"

तिचं खरं होतं, म्हणून मला आणखीच चीड आली. आता त्या म्हाताऱ्याला दाखवणार काय, कपाळ?

"ते काही नाही," मी म्हणालो. "दर रविवारी मी तुला भिंगातून दाखवायचो. तू लिहून दे, रेघ होती म्हणून. प्रॉपर स्टेटमेंट, सहीसकट."

ती हातातलं फडकं ठेवून खुर्चीवर बसली.

"मला ती कधी दिसलीच नाही हो. तुम्ही सारखं 'दिसली ना, दिसली ना' करायचात. मग मी आपली हो म्हणायचे."

पुढच्या मीटिंगला मी क्लबात गेलो. मायक्रोस्कोप टेबलावर मांडलेला होता. "ओरखडाच होता," असं म्हणून मी मोकळा झालो. तेव्हा मी खरं बोललो की खोटं, ते मला अजूनही माहीत नाही.